सीआरपी २४ वरून ३.१ वर आला, म्हणजे आई बरी होतेय ना?

माडाखालचा · १९ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचंय, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितो. आई ५८ वर्षांची, गावी देवगड तालुक्यात बाबांबरोबर असते, मी नोकरीला ठाण्यात. शिमग्याला गेलो तेव्हाच ती म्हणाली होती की सकाळी उठल्यावर हाताची बोटं वळतच नाहीत, दोन्ही हातांची, चुलीत घालायला चुडतं मोडायला गेलं तरी जमत नाही, गरम पाण्यात हात बुडवून बसली की तास-दीड तासाने जरा सैल होतात. मला वाटलं कामाने होत असेल. मग मे महिन्यात रातांबे फोडायला ती बसलीच नाही, वहिनीने केलं सगळं. आई रातांब्यांना बसत नाही म्हणजे दुखणं खरंच मोठं, हे आमच्या घरात कोणीही सांगेल.

तेव्हा गावाजवळच्या छोट्या लॅबमध्ये रक्त दिलं. ईएसआर ६८, सीआरपी २४ (दोन्ही अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट), आरए फॅक्टर म्हणजे वाताची टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले वाताचं आहे, पेनकिलर दिली पाच दिवसांची. ती पाच दिवसांची गोळी आई अजून घेतेय, मेडिकलमध्ये मागितली की मिळते. मागच्या आठवड्यात मामाने तिला कणकवलीला नेलं, तिथे मोठ्या लॅबचं कलेक्शन सेंटर आहे, तिथला रिपोर्ट असा: ईएसआर ७४, सीआरपी ३.१, हिमोग्लोबिन ९.६.

आता घरात सगळे खुश. २४ चा ३ झाला म्हणजे सूज उतरली, गोळी लागू पडली, आणि आई लावणीला उतरायचं म्हणतेय कारण तरवा तयार आहे. पण काल व्हिडिओ कॉलवर हात दाखवायला सांगितला तर बोटांची मधली पेरं फुगलेलीच दिसली मला. सीआरपी एवढा उतरला तर ईएसआर वाढला कसा? आणि खरंच बरी होतेय का, की अजून कुठे दाखवायला हवं? बाबा म्हणतात उगाच डोकं लावू नको, रिपोर्ट चांगला आलाय.

खाडीपलीकडची · १९ जून, रात्री ११:३०

माझ्या आवशीचा पण असाच झालेला, चिकनगुनिया होवन गेल्यावर. ताप चार दिवसांत गेलो पण सांधे सात म्हयने धरलेले. तुझ्या आईक मधी ताप इल्लो काय ता विचार आधी. आणि आमच्याकडे एकजण सांधेदुखीची पुडी देता, तीन दिवसांत माणूस चलाक लागता, व्हयी तर मेसेज कर. घाबरू नको, सगळा बरा होतला.

स्लाईड_आणि_ट्यूब · २० जून, सकाळी ७:१५

मी चिपळूणकडे १७ वर्षं लॅबमध्ये काम करतोय, डॉक्टर नाही, त्यामुळे आजाराचं मी काही बोलणार नाही, पण या दोन रिपोर्टचं बोलू शकतो आणि ते आत्ताच बोलायला हवं असं वाटतंय. भाऊ, दोन्ही कागद परत काढा आणि सीआरपीच्या आकड्यापुढे काय लिहिलंय ते बघा. एमजी पर लिटर आहे की एमजी पर डेसिलिटर? काही लॅब असं देतात काही तसं, आणि दोन्हींत दहापटीचा फरक आहे. एक लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणजे ३.१ जर पर डेसिलिटर असेल तर तो पर लिटरमध्ये ३१ होतो. शेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते तीही बघा. ०.५ किंवा १ पर्यंत नॉर्मल लिहिलं असेल तर तो डेसिलिटरचा रिपोर्ट, ५ किंवा ६ किंवा १० पर्यंत लिहिलं असेल तर लिटरचा.

दुसरं म्हणजे पहिला जो २४ आहे तो मला स्लाईडवरचा वाटतो. छोट्या लॅबमध्ये मशीन नसतं तेव्हा काळ्या काचेच्या स्लाईडवर सीरमचा थेंब आणि लॅटेक्सचा थेंब मिसळून हलवतात, दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह, आणि किती ते बघायला सीरम निम्मं निम्मं पातळ करत जातात. म्हणून त्याचे आकडे ६, १२, २४, ४८ असेच येतात, मधलं काही येत नाही. म्हणजे २४ याचा अर्थ एवढाच की २४ च्या आसपास कुठेतरी. कधी कधी सीआरपी खूपच जास्त असेल तर पातळ न केलेल्या थेंबात उलट गुठळी धरतच नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह जातो, हेही मी पाहिलंय, म्हणून आम्ही शंका आली की पातळ करून परत लावतो. मशीनवरचा आकडा आणि स्लाईडवरचा आकडा एकमेकांशेजारी ठेवून वाढला की कमी झाला हे ठरवू नये.

ईएसआरबद्दल. ती टेस्ट फार साधी आहे आणि साधी आहे म्हणूनच तिच्यात चुका फार होतात. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालून उभ्या नळीत भरायचं आणि एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं, वेस्टरग्रेन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९२१ मध्ये बसवून दिलेली पद्धत, आजही आकडा त्यांच्याच पद्धतीला धरून देतात. नळी जराशी कललेली असेल तर आकडा वाढतो. मे महिन्यात लाईट गेलेली, खोली तापलेली, तरी वाढतो. सॅम्पल सकाळी घेऊन दुपारपर्यंत पडून राहिलं तर तोही आकडा भरवशाचा नाही. वयाबरोबर ईएसआर तसाही चढतो, बायकांसाठी ढोबळ हिशोब म्हणजे वयात १० मिळवा आणि निम्मे करा, तुमच्या आईंना ६८ चे निम्मे ३४ पर्यंत चालून गेलं असतं. पुरुषांना नुसतं वयाचे निम्मे. आणि हिमोग्लोबिन ९.६ म्हणजे रक्त कमी, त्यानेही ईएसआर वर जातो. तरी ७४ हा नुसत्या रक्त कमी असण्याने येईल असं मला वाटत नाही. ६८ आणि ७४ मध्ये मात्र फरक धरू नका, तेवढा इकडेतिकडे होतोच.

पुडीबद्दल एकच सांगतो, काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

माडाखालचा · २० जून, सकाळी ९:०५

फोटो मोठा करून बघितला. पहिल्यात एमजी पर लिटर आहे, नॉर्मल ६ पर्यंत. दुसऱ्यात एमजी पर डेसिलिटर, नॉर्मल ०.५ पर्यंत, आणि ३.१ च्या पुढे बारीक एच, म्हणजे हाय, पण छापलाय, तो कोणी बघितलाच नाही. म्हणजे ३१. आम्ही आठवडाभर आनंदात होतो आणि आई त्याच आनंदात रोज दोन गोळ्या घेत होती. बाबांना आत्ताच फोन केला, ते काही बोललेच नाहीत थोडा वेळ. ताप मध्ये आला नव्हता असं आई म्हणते. आता पुढे काय ते कृपया कोणी सांगा.

जुना_फिजिशियन · २० जून, दुपारी २:४०

मी रत्नागिरी जिल्ह्यात ३४ वर्षं एमडी मेडिसिन म्हणून प्रॅक्टिस केली, आता बंद केली आहे. वरच्या लॅबवाल्या मित्रांनी जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की मी त्यात भर घालत नाही. मी आजाराच्या बाजूने लिहितो. इथे पेशंट तपासता येत नाही, तेव्हा हे निदान समजू नका, पण दाखवायला जाताना काय विचारायचं ते कळेल.

आधी सीआरपी म्हणजे काय ते. १९३० साली अमेरिकेत रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस हे न्यूमोनियाचे पेशंट अभ्यासत होते, न्यूमोकॉकस जंतूच्या पेशीभिंतीतल्या सी नावाच्या पदार्थाशी त्या पेशंटच्या सीरममधलं काहीतरी चिकटून साका धरतं असं त्यांना दिसलं, पेशंट बरा झाला की ते नाहीसं व्हायचं. म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे प्रोटीन यकृत बनवतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात, यकृताला तो मिळाला की सहा-आठ तासांत सीआरपी चढायला लागतो, दोन दिवसांत टोकाला जातो, आणि कारण गेलं की साधारण १९ तासांत निम्मा या वेगाने उतरतो. ईएसआर याच्या उलट मंद. तो मुख्यतः फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रोटीन) आणि अँटिबॉडीज यांच्यामुळे चढतो, ही प्रोटीनं लाल पेशींना नाण्यांच्या चवडीसारख्या चिकटवतात आणि चवड जड म्हणून लवकर खाली बसते. आजार ओसरला तरी ईएसआर आठवडेच्या आठवडे वर राहू शकतो.

आता हे दोन्ही आकडे वाडीतल्या कुत्र्यांसारखे आहेत. भुंकायला लागले म्हणजे कोणीतरी आलंय हे नक्की, पण चोर आलाय, पाहुणा आलाय की कोल्हा, ते अंगणात जाऊनच बघावं लागतं. सीआरपी ३१ हा दातातल्या पुवाने येईल, लघवीच्या इन्फेक्शनने येईल, सांध्यांच्या आजाराने येईल. तुमच्या आईच्या बाबतीत अंगणात काय दिसतंय ते तुम्हीच लिहिलंय: दोन्ही हातांची लहान पेरं, दिसणारी सूज, सकाळी तासाभराहून जास्त आखडणं, आणि हे सगळं शिमग्यापासून म्हणजे तीन महिने. चिकनगुनियाने असं होऊ शकतं, बाई म्हणतात ते खोटं नाही, पण तिथे आधी जोराचा ताप असतो. सहा आठवड्यांवर चाललेली लहान सांध्यांची अशी सूज म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार, आहे का हे बघितलंच पाहिजे. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सुटका होत नाही, अनेक पेशंटमध्ये तो निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी नावाची टेस्ट करून घ्या, हातांचा एक्स-रे काढा आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञांना दाखवा. वेळ घालवू नका असं मी अगदी आग्रहाने म्हणतो कारण हाडाची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच बरीच होते आणि वाकडं झालेलं बोट पुन्हा सरळ होत नाही.

गोळीबद्दल. पेनकिलरने दुखणं दबतं, आतला आजार तसाच चालू राहतो, तुमच्या रिपोर्टमध्ये तेच दिसतंय. वर ती महिना-महिना घेतली की पोटात अल्सर होऊन नकळत रक्त जातं आणि किडनीवरही ताण येतो. आईंना शौच काळी होते का ते आजच विचारा, होत असेल तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. किडनीसाठी क्रिएटिनिन ही टेस्ट करून घ्या. हिमोग्लोबिन ९.६ ला दुसरंही कारण असू शकतं, लांबलेल्या दाहात शरीर लोह कोठारात कुलूप लावून ठेवतं, असून वापरत नाही. यात गंमत अशी फसवी आहे की लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन हेसुद्धा दाहात वाढतं, म्हणून फेरिटिन नॉर्मल आलं तर लोह भरपूर आहे असं समजून चालत नाही.

पुडी देणाऱ्याबद्दल मला राग नाही, पण अशा बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे, तीन दिवसांत माणूस चालायला लागतो तो त्यामुळे. स्टिरॉइडने सीआरपीसुद्धा झटकन उतरतो, रिपोर्ट सुंदर येतो, आणि काही महिने घेऊन अचानक बंद केलं तर पेशंट कोसळतो. मी असे पेशंट पहाटे ॲडमिट केलेले आहेत.

उलट बाजूचंही एक सांगतो. एक गृहस्थ पाठ दुखते म्हणून वर्षभर चोळून घेत होते, सीआरपी जवळपास नॉर्मल, सगळे निर्धास्त. ईएसआर केला तर ११८, हिमोग्लोबिन ८. मल्टिपल मायलोमा निघाला, हाडाच्या मगजातला कॅन्सर, त्यात एकाच जातीची अँटिबॉडी भरमसाट तयार होते म्हणून ईएसआर आकाशाला जातो आणि सीआरपीला त्याचं फारसं काही नसतं. ल्युपस नावाच्या आजारातही अशी फारकत दिसते. दोन टेस्ट कशाला, एकच स्वस्तातली करा, असं लोक म्हणायचे तेव्हा मला ते गृहस्थ आठवायचे.

भातखाचर · २० जून, संध्याकाळी ६:१०

सर, लावणीचा विषय निघालाय म्हणून विचारतो. आमच्याकडे पावसात ताप आला की हल्ली सगळीकडे आधी सीआरपी काढतात. त्याने लेप्टो की डेंग्यू ते कळतं का?

जुना_फिजिशियन · २० जून, रात्री ८:२५

त्याने ठरत नाही, अंदाज येतो. लेप्टो जिवाणूचा आजार, त्यात सीआरपी बहुधा बराच वर असतो, साध्या व्हायरल तापात आणि डेंग्यूत सहसा तेवढा चढत नाही. पण ताप येऊन सहा तास झालेत आणि सीआरपी कमी आलाय म्हणून घरी पाठवू नये, चढायला वेळ लागतो हे वर लिहिलंय. प्रोकॅल्सिटोनिन नावाची महाग टेस्ट जिवाणूंच्या बाबतीत जास्त नेमकी आहे, ०.५ च्या वर गेली की मोठ्या इन्फेक्शनचा संशय घ्यायचा, आयसीयूत अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला ती फार कामाची. तरी मलेरियातही ती वाढते. चिखलात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दाबल्या तर ओरडतो, डोळे लाल, लघवी कमी, एवढं असेल तर मी कुठल्याच आकड्याची वाट न बघता लेप्टोचं औषध सुरू करायचो. लेप्टोची आयजीएम ही अँटिबॉडीची टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते आणि तेवढ्यात किडनी जाते. माणसं या वाट बघण्यात गेली आहेत आपल्याकडे.

सागरतीर_वेंगुर्ला · २० जून, रात्री ९:५०

माडाखालचा, मला हा आजार नऊ वर्षं आहे, म्हणून तुमच्या आईसाठी लिहितेय. मला दाखवायला दीड वर्ष उशीर झाला, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, नारळ खवताना विळीवर हात नीट धरता येत नाही अजून. मी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जाते, आमच्या भागातले खूप लोक तिकडेच जातात.

औषध सुरू झालं तर बहुतेक मेथोट्रेक्सेट असेल. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, हे आईंना, बाबांना, वहिनींना, घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मी रविवार धरलाय, कॅलेंडरवर लाल गोल करते आणि घेतली की फुली मारते. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. दर काही आठवड्यांनी सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिन.

आणि एक वही घाला. तारीख, लॅब, सीआरपी युनिटसकट, ईएसआर, हिमोग्लोबिन, आणि त्या दिवशी सकाळी हात किती वेळ आखडले होते. माझा सीआरपी ४१ वरून चार महिन्यांत ७ वर आला, मग एकदा एकदम ६० आला, मी रडायलाच लागले की आजार उलटला. डॉक्टरांनी वही बघितली, हात बघितले, सांधे तर छान आहेत म्हणाल्या, लघवी तपासा. लघवीचं इन्फेक्शन होतं. वही नसती तर मी सांध्यांचा डोस वाढवून मागितला असता.

मधली_आळी · २१ जून, दुपारी १२:३०

थोडं विषयांतर, माफ करा. हेल्थ पॅकेजमध्ये माझा एचएस-सीआरपी ४.२ आलाय आणि खाली हाय रिस्क लिहिलंय. हार्ट अटॅक येणार का? झोप लागत नाहीये.

जुना_फिजिशियन · २१ जून, संध्याकाळी ५:००

प्रोटीन तेच, फक्त बारीक आकडे मोजणारी टेस्ट. लिटरला १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, असं हृदयासाठी धरतात. पण तो सर्दी-खोकला, दाढदुखी, जखम काही नसताना मोजायचा आणि दोन आठवड्यांनी परत मोजायचा. पोटाचा घेर, सिगारेट, हिरड्यांचा आजार यांनीही तो एवढा वर राहतो. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला वाचायचा आकडा आहे, एकट्याने तो काहीच ठरवत नाही. त्या दिवशी बरं होतं का तुम्हाला? आठवून बघा, आणि झोपा.

माडाखालचा · १६ सप्टेंबर, रात्री ११:२०

मंडळी, गौरी-गणपती आटोपून कालच ठाण्याला आलो, कळवायचं राहून गेलं होतं. जूनच्या शेवटी आईला घेऊन गेलो, अँटी-सीसीपी चांगलंच पॉझिटिव्ह, ऱ्हुमॅटॉइडच निघाला. एक्स-रेत हाडाची झीज अजून नाही. पेनकिलर त्याच दिवशी बंद, शौच काळी नव्हती. मेथोट्रेक्सेट मंगळवारी असते, आई म्हणाली मंगळवार विसरत नाही कारण देवळात जाते. लावणीला उतरली नाही, बांधावर बसून सगळ्यांना सूचना देत होती असं वहिनी सांगते.

वही घातलीय, बाबा लिहितात. एकाच लॅबचे तीन आकडे, सीआरपी ३१, १४, ८, सगळे पर लिटर, बाबा आता युनिट आधी वाचतात. सकाळचं आखडणं वीस मिनिटांवर आलंय. फक्त ईएसआर ७४ वरून ५१ वरच अडकलाय आणि त्याने बाबा काळजीत आहेत. हे ठीक आहे का?

जुना_फिजिशियन · १७ सप्टेंबर, सकाळी ८:१०

फार बरं वाटलं वाचून. ईएसआर मागून येतो. रक्तातल्या अँटिबॉडीज निम्म्या व्हायलाच तीन-तीन आठवडे लागतात, आणि हिमोग्लोबिन अजून भरलेलं नसणार. हिमोग्लोबिन किती आहे ते लिहा. १० च्या वर चढत असेल आणि हात सुधारत असतील तर ५१ ला घाबरायचं कारण नाही, पुढच्या वेळी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना तिन्ही आकडे एकत्र दाखवा.

माडाखालचा · १७ सप्टेंबर, सकाळी ८:४५

१०.७ आहे सर. बाबांना आत्ताच फोन करून सांगतो. आणि या वर्षी मोदकांच्या कळ्या आईने स्वतः पाडल्या, पहिले अकरा, बाकीचे वहिनीने.